पुलाखालचं घर

ओम म्हणायला सांगितलं की क्लेबोर्नच्या पुलाखालच्या बायका होम म्हणत. योग शिकवणाऱ्या कियानाने वर्षभर जीव तोडून शिकवलं, पण चर्चमध्ये गाऊन घडलेले गळे ते, ऐकतात थोडेच! शेवटी तिनेच नाद सोडला. म्हणाली, "होम तर होम. घरंच तर गेलीत तुमची."

गेली होती खरी. साठ वर्षांपूर्वी सरकारला शहरातून मोठा रस्ता न्यायचा होता, आणि नकाशावर रेघ ओढणाऱ्याला नेमकी काळ्यांचीच वस्ती तेवढी मोकळी दिसली. ओकची झाडं गेली, घरं गेली, वर पूल आला. त्याच पुलाखाली दर शनिवारी सकाळी चटया पसरून कियाना सगळ्यांना श्वास घ्यायला लावी. "भांडायचं तर आहेच त्यांच्याशी," ती म्हणे, "पण भांडायला छातीत दम नको?"

लुवेनियाने एक शनिवार चुकवला नाही. डोळे मिटा, जिथे निवांत वाटतं तिथे मनाने जा, असं कियाना म्हणाली की बाकीच्या कुठे कुठे जाऊन डोळे पुसत परत येत. लुवेनिया आपली पुलाखालीच. घर पाडलं तेव्हा ती चार वर्षांची होती, आठवत होती ती नुसती धूळ. ते घर तिला एकदा, एकदाच बघायचं होतं. फोटो एकही नव्हता. होतं ते सगळं थोरल्या बहिणीच्या, ओझेलाच्या डोक्यात, आणि ओझेलाने उभ्या जन्मात त्याचं नाव काढू दिलं नाही. गेलं ते गेलं, विषय बंद. आता तर त्या डोक्यातूनच एकेक गोष्ट निघून चालली होती. परवा तिला चमच्याला काय म्हणतात ते आठवेना. रोज दुपारी मात्र पर्स काखोटीला मारून दारात उभी राही, "चल, घरी जाऊ."

म्हणून या शनिवारी लुवेनियाने तिला पुलाखाली आणलं.

"हे बघ, आलं घर," एका खांबापाशी थांबून ती म्हणाली. "इथंच होतं ना?"

ओझेलाने खांब वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "मला खुळी समजतेस होय गं? याला दार कुठंय?"

बायका खो खो हसल्या. कियाना लगबगीने खुर्ची घेऊन आली. "बसा, मिस ओझेला. नुसतं डोळे मिटून बसा."

"केवढीशी ही पोर! हिला आई जेवायला घालते की नाही?" असं कुरकुरत ओझेला बसली. लुवेनिया तिचा हात धरून शेजारी चटईवर बसली.

ओम सुरू झाला, म्हणजे होमच. वरून ट्रक धडधडत गेले. थोड्या वेळाने ओझेलाचा हात सैल पडला.

"काय दिसतंय गं?" लुवेनियाने हळूच विचारलं.

"पायरी बघून चढ, दुसरी हलतेय," ओझेला डोळे मिटूनच म्हणाली. "दार निळं केलंय बाबांनी. रंग उरला म्हणून खुर्च्याही निळ्या! आईने काय झापलंय त्यांना."

लुवेनियाने डोळे गच्च मिटले. निळं दार. निळ्या खुर्च्या. तिला रडू फुटलं, पण ती हलली नाही.

"आत कोण कोण आहे?"

"सगळे. सोमवार ना आज, आईने सोमवारचे नेहमीचे लाल बीन्स आणि भात वाढलाय. आजी तेवढी जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला खोळंबलीय."

"का गं?"

"लुवेनिया कुठं आलीय अजून?"

लुवेनियाने हातातला हात घट्ट धरला. "कुठे आहे ती?"

"बाहेर ओकखाली खेळतेय. किती हाका मारल्या, येतच नाही कार्टी." ओझेलाचा आवाज रडवेला झाला. "कुणीतरी सांगा ना तिला. ताट वाढलंय तिचं."

"अगं, मी इथंच..." म्हणता म्हणता लुवेनिया थांबली. मग चौसष्ट वर्षांच्या त्या बाईने भर पुलाखाली, सगळ्यांदेखत, लहान पोरीसारखी ओ दिली, "आले गं! आले, आले!"

"श्शू, ओरडू नकोस," ओझेला म्हणाली. "आजीने प्रार्थना सुरू केलीय."