चार बोटांची दुमड

त्या दुकानात कापड टेपने मोजून कापायचे, पण पँटच्या पायाची दुमड चार बोटांचीच. बोटं जुळवून कापडावर ठेवायची, कडेने खडू ओढायचा, की झालं. सासूबाईंनी सुनेला हे शिकवलं त्याला तेवीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत तिची एकही पँट परत आली नव्हती.

या वर्षी अकरा आल्या. सगळ्या आखूड.

"गिऱ्हाईक विचारतं, घोटे उघडे टाकायची फॅशन आलीय का," थोरली नणंद म्हणाली. सासूबाईंमागे दुकान तिच्या हाती होतं, आणि भावजयीकडून खिडकीजवळचं मशीन काढून ते आपल्या सुनेला द्यायला ती टपलेलीच होती.

डोकं ठणकतं म्हणून भावजय दवाखान्यात निघाली, तर नणंदही निघाली, परत आलेल्यांतल्या दोन पँटी पिशवीत कोंबून. "डॉक्टरीणबाईंकडून लिहूनच घेऊ, हिच्याने काम होत नाही म्हणून."

डॉक्टरीणबाईंची नजर आधी बोटावरच्या वळाकडे गेली. "अंगठी?"

"कापून काढली. शिवताना बोटात घालते ते अंगुस्तानही बसत नाही. चपला दोन नंबरांनी वाढल्या."

"बसून खाल्लं की सुजतंच माणूस," नणंद बोलली.

"तुम्हाला विचारलं नाही."

नणंदेने पँटी टेबलावर आपटल्या. भावजयीने बोटं दुमडीवर ठेवली, तंतोतंत बसली. "चारच घेतलीत, वन्सं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सरकवून पाय पुढे केला. "ही पँट तुमच्याच हातची. सहा वर्षं झाली. आता ठेवा."

तिने वाकून बोटं ठेवली. करंगळी अर्धी बाहेर राहिली.

"तुमचं माप तेच आहे, हात वाढलाय. जबडाही पुढे आलाय, दातांत फटी पडल्यात. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वाढीचा रस जास्त सोडतेय. तिथे बहुधा गाठ असावी; सहसा ती कर्करोगाची नसते. रक्त तपासू, डोक्याचा स्कॅन काढू. ऑपरेशन लागेल असं दिसतंय."

"मग टेपने मोजायला काय झालं होतं?" नणंद म्हणाली.

"यांना लिहून हवं होतं," भावजय डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "द्या लिहून."

दुकानात येताच तिने ती चिठ्ठी टाचणीने खिडकीजवळच्या मशीनवर लावली: आजारपण आहे, निष्काळजीपणा नाही, उपचारानंतर काम करू शकतील.

नणंद आपल्या सुनेला म्हणाली, "बस तू."

सुनेने चिठ्ठी वाचली, आणि ती उभीच राहिली.