दर्शनी भिंत

त्या रस्त्यावरच्या जुन्या घरांचे चेहरे जसेच्या तसे राहिले पाहिजेत, असा वारसा समितीचा दंडक होता. म्हणून बारकीने नकाशात दादाच्या घराची दर्शनी भिंत तेवढी ठेवली होती. मागे सगळं नवं, आणि मधोमध उघडा चौक. आर्किटेक्ट झाल्यापासून घरच्या माणसाचं हे तिचं पहिलंच काम. यापेक्षा परके परवडले, असं ती हल्ली मनाशी म्हणायची, कारण दादाला धीर म्हणून नव्हता.

त्या सकाळी ती पोचली, तर आतली आडवी भिंत निम्मी पाडलेली. दर्शनी भिंतीला लोखंडी टेकू लागल्याशिवाय या भिंतीला हात लावायचा नाही, असं तिने बजावलं होतं. कंत्राटदार खाली मान घालून म्हणाला, साहेबांनीच सांगितलं. चौकात ऊन कसं येतं ते त्यांना बघायचं होतं.

बारकीने वर पाहिलं. दरवाज्यावरून एक भेग तिरकी वर चढली होती. बघता बघता भेगेतून चुना भुरभुरला. आवाज न चढवता तिने सगळ्या मजुरांना मागच्या बाजूने बाहेर काढलं आणि कंत्राटदाराला रस्ता अडवायला पिटाळलं.

दादा मात्र हलेना. नव्याने आत आलेल्या उन्हात उभा राहून तो ऐकवू लागला की इतकी वर्षं उभी असलेली भिंत आजच काय पडतेय, लहानपणापासून तुला मोडता घालायची सवयच आहे.

पुन्हा चुना पडला, या वेळी विटेच्या तुकड्यासकट.

बारकी आत गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"वेड लागलंय का? बाहेर हो."

"तू निघालास की निघते."

तिची नजर भेगेवरून हलत नव्हती. मग त्यानेही वर पाहिलं. त्याने तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच मागच्या बाजूने बाहेर काढलं.

टेकू लागेपर्यंत दिवस मावळला. भिंत तगली. पण टेकू तात्पुरते होते; भेगाळलेल्या त्या भिंतीला कायमचा आधार आता उरलेल्या आडव्या भिंतीचाच होता, ती पाडणं शक्य नव्हतं. चौक निम्म्यावर आला. बारकीने नकाशा नव्याने काढला. दादाने सही केली, पण पुढे कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

आता घरात सगळे राहायला आलेत. पाहुणे आले की दादा चौक दाखवतो आणि बारकीने ऊन अडवलं म्हणून कुरकुरतो. वहिनी त्याच्याकडे नुसती बघते, मग तो विषय बदलतो. बारकी वाद घालत नाही. ऊन कमी पडतं, हे तिलाही कबूल आहे.