बाबांचा आवाज वाहून नेणारा हमाल

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर हल्लीची पोरं मला बाबा आदमच्या काळातला म्हणतात. म्हणोत बापडी! मला रंगीत खिडकी नाही, टिंग करणारी घंटा नाही. काळ्या पडद्यावर माझं नाव टाईप केलं की मी जागा होतो, मुकाट्याने काम करतो आणि पुन्हा झोपी जातो. माझं नाव हमाल.

माझं काम काय, ते आधी सांगतो. एखादा प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसवायचा असला की तो एका गाठोड्यात बांधून येतो. त्याला पॅकेज म्हणतात. त्यात प्रोग्रामचं सामान असतं आणि ते कसं मांडायचं याच्या सूचना असतात. पण गंमत अशी, की सगळ्या कॉम्प्युटरांना एकाच तऱ्हेचं गाठोडं चालत नाही. एकाला चालणारं दुसऱ्यासमोर ठेवलं की तो सरळ तोंड फिरवतो. आत सामान तेच असतं हो, पण बांधणी वेगळी! अशा वेळी मला बोलावतात. मी गाठ सोडतो, सामान बाहेर काढतो आणि समोरच्याला चालेल अशा पद्धतीने पुन्हा बांधून देतो.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. मला लिहिणारी बाई एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात काम करायची. घरी एका तऱ्हेचा कॉम्प्युटर, कॉलेजात दुसऱ्या. इकडचं गाठोडं तिकडे चालेना. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती ठाण मांडून बसली. समोर तिची आई मटार सोलत होती.

"अगं, एवढं डोकं फोडण्यापेक्षा नवा कॉम्प्युटर घे की!" आई म्हणाली.

"आई, त्याचं तिसरंच काहीतरी निघेल," बाई म्हणाली आणि लिहीत राहिली.

त्या बाईने मला एक सवय लावली. सामान हलवायचं, पण सूचना आपोआप चालवायच्या नाहीत. त्या बाजूला ठेवायच्या आणि पडद्यावर लिहायचं, "सूचना दुसऱ्या घरच्या आहेत. आधी वाचा, मग चालवा." कारण एका घरात 'कोपऱ्यातलं सगळं बाहेर टाक' ही सूचना शहाणपणाची असेल, पण दुसऱ्या घरात त्याच कोपऱ्यात तान्हं बाळ झोपलेलं असायचं!

या सवयीपायी मी किती बोलणी खाल्ली म्हणून सांगू! "अर्धवट काम करतो मेला," असं लोक म्हणायचे. तरी माझे दिवस मजेत चालले होते. गाठोडं नीट बसलं की माणसं खुर्चीतून उठून "चाललं, चाललं!" ओरडायची, आणि मला आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. मग नव्या तऱ्हेची पॅकेजं आली. ती आपलं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊनच फिरतात आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर पथारी पसरतात. मला कोण विचारतो? खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण झोपही छान लागायची.

एका दुपारी एका मुलीने मला जागं केलं. ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. घरात तिघंच माणसं: ती, तिची आई आणि तिचे बाबा. बाबा बसस्थानकावर घोषणा करायचे. फलाटावर ते तासन्‌तास बोलायचे आणि घरी येऊनही त्यांचा आवाज काही खाली येत नसे. "अहो, इथे बस नाही लागलेली," असं आई म्हणायची. पुढे बाबांच्या घशाचं ऑपरेशन करावं लागलं आणि त्यांचा आवाज गेला. बरं झालं की ऑपरेशनआधी त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली होती. त्यावरून एक प्रोग्राम त्यांच्याच आवाजात बोलायचा. बाबा टाईप करायचे आणि कॉम्प्युटर हाक मारायचा, "बाईसाहेब, चहा!" आई कुरकुरत चहा टाकायची.

आता तो कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. वाक्य अर्ध्यात टाकून बंद पडायचा. नवा घेतला, तर त्याला त्या प्रोग्रामचं गाठोडं चालेना, आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. मुलीने बाबांच्या आवाजाच्या फायली नव्या कॉम्प्युटरवर, जुन्यावर होतं त्याच नावाच्या फोल्डरमध्ये उतरवल्या, पाठोपाठ गाठोडंही आणलं, आणि जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कने मान टाकली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. दिवसभर लोकांना "प्रत काढून ठेवा हो" असं बजावणारी ही मुलगी, पण घरचं काम तिने आज-उद्यावर ढकललं होतं. आता बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता.

मी कामाला लागलो. गाठ सोडली, सामान बांधलं, सूचना बाजूला ठेवल्या आणि तसं पडद्यावर लिहिलं. मुलीने न वाचताच पुढे ढकललं. प्रोग्राम उघडला. बाबांनी हौसेने टाईप केलं, आणि कॉम्प्युटरमधून एक अनोळखी बाई नाजूकपणे म्हणाली, "बाईसाहेब, चहा."

आई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "ही कोण बया माझ्याकडे चहा मागतेय?"

बाबा हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो. मग त्यांचं हसू विरलं आणि त्यांनी कीबोर्ड हळूच बाजूला सारला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. ती बया म्हणजे त्या कॉम्प्युटरचा स्वतःचाच आवाज होता. बाबांच्या आवाजाशी जोडून देणारी सूचना माझ्यापाशी मागे राहिली होती.

"आता सूचनांसकट करते," मुलगी वैतागून म्हणाली. तिने हुकूम टाईप केला. फक्त एक कळ दाबायची राहिली. मी हुकमाचा ताबेदार! सांगितलं की चालवणार. तेवढ्यात बाबांनी पडद्यावरच्या माझ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते नेहमीच येतं हो बाबा."

बाबांनी बोट उचललं नाही. कोणी ऐकत नाही अशा सूचना जन्मभर मोठ्याने वाचलेला माणूस तो! मुलीने सुस्कारा सोडला आणि सूचना उघडल्या. पहिलीच सूचना होती: 'आवाजांचं फोल्डर रिकामं कर.' दुसरी: 'प्रोग्राम त्या फोल्डरशी जोड.' नव्या घरात झाडून घ्यावं, म्हणून कंपनीने ते लिहिलं होतं. पण त्याच फोल्डरमध्ये बाबांचा आवाज होता.

मुलीने कळीवरचा हात असा काही मागे घेतला, जणू चटका बसला. "अगं बाई गं!" एवढंच ती म्हणाली. मग तिने आधी प्रती काढल्या. एक आईच्या कपाटात साड्यांखाली गेली, एक दुकानात. पहिली सूचना तिने खोडली आणि दुसरी स्वतःच्या हाताने चालवली.

बाबांनी कीबोर्ड पुढे ओढला. "बाईसाहेब, चहा!" खोली दणाणली.

"झालं यांचं सुरू!" आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. त्या दिवशी चहाबरोबर कुरकुर नव्हती.

मित्रांनो, पडद्यावर घाईने 'हो' दाबताना क्षणभर थांबा. काय पुसलं जाणार आहे, ते वाचा. आपल्या माणसांच्या आवाजाची, चित्रांची एक प्रत आजच काढा. आणि माझ्यासारखा एखादा जुना कोपऱ्यात पडला असेल, तर त्याला अडगळ म्हणू नका. आम्ही फार जागा अडवत नाही हो.

चहा पिताना मुलीने बाबांना माझं नाव सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, ताठ बसले आणि टाईप केलं. मी आयुष्यभर सामान वाहिलं, पण माझं नाव कधी कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सामान सुखरूप पोहोचले आहे. हमालाचे आभार."

"कोण हमाल?" आईने आतून विचारलं.