बद्रीनाथने तपासलेली गाडी

बद्रीनाथने ड्रायव्हरची सीट काढून बाहेर ठेवली, तळाची मॅट उचलली आणि पत्र्यावरून बोट फिरवलं. एका जागी बोट अडखळलं. त्याने पेचकसाने काळा रंग खरवडला, तेव्हा खालून वेल्डिंगची जाड, ओबडधोबड रेघ निघाली. या दाराच्या खांबापासून त्या दाराच्या खांबापर्यंत ती आडवी गेली होती.

अक्षता गॅरेजात शेजारी खुर्चीवर बसली होती. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या घरात पहिली चारचाकी आली, ती ही पांढरी आल्टो. खराब रस्त्यावर मागून करकर आवाज येतो आणि मागची दारं आपटून लावावी लागतात, एवढीच तिची तक्रार होती.

बद्रीनाथने उठून काचा पाहिल्या. पुढच्या काचांच्या कोपऱ्यात छापलेलं साल सतरा होतं, मागच्या काचांवर तेरा. काच फुटते, बदलतात, त्यावरून काही ठरत नाही. पण तळाची रेघ खोटं बोलणार नव्हती.

"ही कोणापासून घेतली, बेटा?"

"असं काय विचारून राह्यले, काका? आपल्या हरिओमकाकापासून. बाबा म्हणले, बद्रीनाथनं पाह्यलेली हाय, मंग दुसऱ्याला काय दाखवायची?"

तिने उठून बॉनेट उघडलं. आतल्या पत्र्यावर पिवळ्या रंगात 'बद्री' लिहिलं होतं आणि खाली तारीख होती. अक्षर कोणी नक्कल केलेलं नव्हतं. ते त्याचंच होतं.

त्याच्या गावात, मंठ्यात, पहिली मारुती एट हंड्रेड आली तेव्हा बद्रीनाथ अठरा वर्षांचा होता आणि ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. कापसाच्या एका व्यापाऱ्याने ती आणली होती. एवढुशी गाडी, बॉनेटखाली तीनच सिलिंडर. उस्ताद लोक हसले, हे खेळणं आपल्या रस्त्यावर टिकत नाही म्हणाले. बद्रीनाथने ते खेळणं खोलून पाहिलं. पुढं कार्बोरेटरचा स्क्रू तो नुसत्या आवाजावर लावू लागला. मग त्याच गाडीतून कार्बोरेटर गेला, वायरी आणि सेन्सर आले. बरोबरीच्या कितीतरी जणांनी धंदा सोडला. याने पंधरा दिवस औरंगाबादला राहून मशीन लावून दोष वाचायला शिकून घेतलं. नंतर आल्टो आली, ती बदलली, पुन्हा नवी आल्टो आली. ज्यांचे वडील एट हंड्रेड घेऊन यायचे, त्यांची लेकरं जुनी आल्टो घेऊन आली आणि आता नातवंडं नवी आणत होती.

जुनी गाडी घेणारे लोक ती आधी त्याला दाखवायचे. तो अर्धा दिवस गाडीखाली घालवायचा. पसंत पडली तरच आत नाव लिहायचा.

हरिओम त्याचा धाकटा भाऊ. वडील वारले तेव्हा सहा वर्षांचा होता. बद्रीनाथने त्याला शिकवलं, हाताखाली घेतलं, लग्न लावून दिलं. आठ वर्षांपूर्वी हरिओमने जालन्यात जुन्या गाड्यांचा व्यवसाय काढला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद यालाच झाला होता. दिवाळीनंतर हरिओम एक पांढरी आल्टो घेऊन आल्याचं त्याला बरोबर आठवत होतं. गाडी निर्मळ होती. त्याने मनापासून नाव लिहिलं होतं. त्या गाडीचं पुढचं अर्धं आता समोर उभं होतं.

त्याने अक्षताला काही झाकून ठेवलं नाही. दोन गाड्या मधोमध कापून ही एक केली आहे, जोरात धडक बसली तर इथूनच फाटेल, असं रेघेवर बोट ठेवून सांगितलं.

अक्षताने वाकून मागच्या सीटकडं पाहिलं. मग म्हणाली, "लेकरं मागं बसतात, काका."

गाडी त्याने तिथंच ठेवून घेतली आणि हात न धुताच जालन्याची एसटी पकडली.

हरिओमने नाकारलं नाही, याचंच त्याला जास्त लागलं. रांगेत उभ्या गाड्यांच्या मागं, पत्र्याच्या ऑफिसात बसून त्याने शांतपणे सगळं सांगितलं. त्या चांगल्या आल्टोला ट्रकने मागून ठोकलं, मागची बाजू संपली. दुसरी एक पुढून चेपलेली स्वस्तात पडून होती. एका कारागिराने जोडून दिली. चालते तर बिलकुल बराबर, उगाच कशाला ताण घ्यायचा?

"अशा अजून किती?" बद्रीनाथने विचारलं.

"दादा, आता तू मोजत बसणार का?"

बद्रीनाथ उभाच होता. हरिओमने खुर्ची पुढं सरकवली, ती त्याने घेतली नाही.

"लोकं गाडी कुठं पाहून राह्यले, दादा? लोकं तुझं नाव पाहतेत. बॉनेट उघडून दाखवलं की खाली वाकून कोणी बघतच न्हाई. हे मी तुझ्याच गॅरेजात शिकलो."

नंतर तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. अक्षताच्या वडिलांना, गुरुजींना, काही सांगू नको, मी गपचूप गाडी बदलून देतो, घरातली गोष्ट घरात राहील. खरं सांगायचं तर बद्रीनाथला ते हवंसं वाटलं. मग त्याने एवढंच विचारलं, की बदलून देशील ती तरी अख्खी असेल का? हरिओमने टेबलावरचा मोबाईल उचलला आणि त्यात बघू लागला.

अक्षताचे वडील राजानंद गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. हरिओम त्यांच्याच वर्गात शिकला होता. दिवेलागणीला बद्रीनाथ पोचला तेव्हा ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खाटेवर बसले होते. अक्षताने त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी बस म्हटलं, पाणी आणायला सांगितलं. चहाचं काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"एकच विचारतो," गुरुजी म्हणाले. "तुला माहीत होतं?"

बद्रीनाथ दिवसभर याच प्रश्नाची वाट बघत होता.

"न्हाई, गुरुजी. पण नाव माझं हाय. तक्रार करा. मी काय पाह्यलं ते लिहून देतो. जिथं बोलवतेन तिथं येतो."

गुरुजींनी नातवाच्या वहीतला कोरा कागद काढून दिला. बद्रीनाथने खाली बसून, पाटावर कागद ठेवून सावकाश लिहिलं. काचांची सालं, तळाची रेघ, कुठून कुठवर गेलेली, सगळं आलं. गाडी विकणाऱ्याचं नाव, गाव, धंदा लिहिला. सही केली आणि कागद वर दिला.

गुरुजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग कागद परत पुढं केला.

"विकणारा तुझा कोण, ते ह्याच्यात आलं न्हाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "उद्या तेच पहिलं विचारतील."

बद्रीनाथने कागद घेतला. ओळींच्या मधे जागा होती, दोन शब्द मावले असते. त्याने पेन टेकवलं. सकाळचं ऑइल अजून बोटांत मुरलेलं होतं, हरिओमच्या नावावर काळा ठसा उमटला. त्याने पेन उचललं.

"दुसरा कागद द्या, गुरुजी," तो म्हणाला. "पुन्हा लिहितो."

अक्षताने कागद आणून दिला. त्याने हात पँटला पुसले आणि अगदी वरून, 'माझा सख्खा धाकटा भाऊ' इथून सुरुवात केली.