दोन पोटांचं चित्र

सून पोटुशी असली की तिच्या खाटंसमोर रांगत्या बाळकृष्णाची तसबीर लावायची, ही आमच्या लासुर्ण्यातली रीत. रोज बघून बाळ तसंच गुटगुटीत होतं म्हणत्यात. मी इंदापूरच्या बाजारातनं चांगली मोठी आणली. तर आमची सून श्रेया, बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवती ती, तिनं शेजारीच भलतंच चित्र चिकटवलं. दोन गोऱ्या बाया समोरासमोर उभ्या, एकमेकींच्या पोटाला हात लावलेल्या. अन् पोटात, अगं बाई, लेकरं दिसत्यात! दोन्ही मुलगंच. त्यातलं एक गुडघ्यावर, हात जोडून.

माझं डोकंच चालंना. पोटातलं बघून मुलगा का मुलगी सांगितलं तर डॉक्टरला बेड्या पडत्यात, हे शेंबडं पोरगंबी जाणतं. मंग हिनं गुपचूप तपासून घेतलं, अन् तोंडानं सांगता येईना म्हणून चित्र लावलं, असंच मला वाटलं. राग आला, अन् खोटं कशाला बोलू, हरखलेबी. तशीच उठून थोरल्या जाऊबाईंच्या, प्रयागबाईंच्या कानात सांगितलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत न्हाय, त्याचंबी भान मला ऱ्हायलं न्हाय.

दुपारी त्या थेट श्रेयाच्या खोलीत, मागनं मीबी. "मुलगा हाय म्हणं गं?"

श्रेया पांढरीफटक पडली. "कोण म्हणालं?"

"चित्र तूच लावलंस की!" मी तडकले.

आधी ती हसली. मंग समजवायला बसली. ही मरिया, येशूची आई. दुसरी तिची नात्यातली, अलीशिबा. चित्र शेकडो वर्षांमागचं, तवा कसली आलीय मशीन! "बाकीच्यांच्या लेकरात जीव सावकाश, मागाहून येतो, असं त्यांचे पंडित मानायचे. फक्त येशू पहिल्या क्षणापासून आख्खा. म्हणून चित्रकार पोटातच पुरतं माणूस काढायचे."

"पुरतं हाय तर मंग नऊ महिनं कशाला?" माझा गोंधळ वाढतच चालला. "अन् नमस्कार कोण कुणाला करतंय?"

"अलीशिबेचं बाळ सहाव्या महिन्यातलं. ते येशूला करतंय. मरियेला नुकतेच दिवस गेलेत."

"उलटंच की! मोठं लहानाला नमतंय?"

"हो." श्रेयानं पोटावर हात ठेवला. तिलाबी सहावाच लागलाय. "आत्या, मागच्या वर्षी माझं तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, रडू नको, अजून बाळ झालंच नव्हतं. मायेनंच म्हणालात. पण माझ्यासाठी ते आख्खं होतं. येशू त्यांचा देव, माझं काही देव नव्हतं, कळतं मला. तरी हे चित्र बघितलं की वाटतं, आताचं हे पोटातनं त्याला थोरलं मानतंय."

जीव कवा येतो, पंडितांचं खरं का हिचं, मला अजूनबी उमगलेलं न्हाय. त्या लेकराचा विषय घरात पुन्हा निघालाच न्हवता.

प्रयागबाई दारात खोळंबलेल्या. "मंग गावाला काय सांगू? मुलगा का मुलगी?"

"त्ये कुणाला ठावं," मी म्हणलं. "एवढंच सांगा, आमच्या श्रेयाचं हे दुसरं हाय."