लांडोरीची अंडी

यशोधनला मोरांचा नाद होता. ओटावाबाहेरच्या घरामागे त्याने मोर आणि लांडोर पाळली होती. हिवाळ्यात यशोधन वारला, आणि पुढे जूनमध्ये लांडोरीला कोल्ह्याने नेलं. मागे राहिलेली चार अंडी त्याच्या बायकोने, सुनेत्राने, बेसमेंटमधल्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. त्यातलं एकच फुटलं.

पिल्लू उभं राहिलं, पण दाण्याला चोच लावेना. नुसतं ओरडत होतं. घाबरून तिने व्हँकूव्हरला लेकीला, ऊर्मीला, फोन केला.

"आई, पिल्लांना लांडोर चोचीने भरवते. तू बोटांनी भरव."

"तुला गं कसं माहीत?"

"बाबा सांगायचे ना. दर रविवारी फोनवर तासभर मोरांचंच बोलायचे."

घरात तर तो जेवतानाही फारसं बोलत नसे. सुनेत्राने "बरं" म्हणून फोन ठेवला.

उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीत धरून ती जमिनीवर बसली. पिल्लू दोनदा मागे सरलं, मग टोचून खाऊ लागलं. पोट भरल्यावर तिच्या तळहाताखाली शिरून झोपलं. हात काढला की ते जागं होऊन ओरडे, म्हणून ती तशीच बसून राहिली. बाहेर घरामागे मोर एकटाच केकाटत होता.