शेजारणीची पोर

शिलाईवाली आणि इस्त्रीवाली एकाच मजल्यावर राहायच्या. दोघींच्या पदरात एकेक पोर, दोघींच्या घरात बापाचा पत्ता नाही. पण लोकांच्या जिभेला हाड असतं थोडंच! शिलाईवाली गोरी, चांगल्या समाजातली, म्हणून ती 'बिचारी, एकटीनं संसार ओढते'. इस्त्रीवाली काळी, 'त्या' लोकांतली, म्हणून 'यांच्यात बाप असतोच कुठे'. दोघी मात्र पाळीपाळीनं दोन्ही पोरी सांभाळायच्या आणि गाडं चाललं होतं.

त्या दिवशी पाळी शिलाईवालीची. इस्त्रीवाली सकाळपासून लॉन्ड्रीत राबत होती. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून शिलाईवालीनं दोन्ही पोरींना इस्त्रीवालीच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कुलूप घातलं आणि कपडे पोचवायला पळाली. इस्त्रीवालीच्या ठकीनं दूध तापवायला घेतलं आणि हात भाजून घेतला. शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं, कुणीतरी फोनही लावला.

संध्याकाळी बालकल्याण खात्याच्या बाई आल्या, शिलाईवालीच्याच समाजातल्या.

"पोर कोंडायची आणि खुशाल निघून जायचं! तुमच्या लोकांत हे असंच," त्या इस्त्रीवालीवर कडाडल्या. "पोरीला आम्ही घेऊन जातोय."

इस्त्रीवालीनं शिलाईवालीचा दंड धरला. "अगं, आज पाळी तुझी होती ना? सांग की बाईंना!"

शिलाईवालीनं दंड सोडवून घेतला. खरं बोलावं तर आपलीच पोर जाणार. मग कुठली शेजारीण आणि कसलं काय!

"कसली पाळी? माझी पोर नुसती खेळायला गेली होती. हिला कितीदा सांगितलं, कोंडत जाऊ नकोस म्हणून."

"मावशीनंच कुलूप लावलं!" ठकी रडत ओरडली.

"बघा, एवढंसं तोंड आणि केवढं खोटं. घरचं वळण, दुसरं काय!" बाई शिलाईवालीच्या लेकीपुढे वाकल्या. "तू सांग बाळा, कुलूप कोणी लावलं?"

शिलाईवाली घाईनं पुढं झाली. लेकीला पढवायला तिला वेळच मिळाला नव्हता.

लेकीनं बोट इस्त्रीवालीकडे केलं. "तिनं. आणि ठकी खोटारडी आहे. ते लोक तसलेच असतात."

"गुणाची गं पोर!" म्हणत बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला आणि ठकीला उचललं. इस्त्रीवाली ऊर बडवत जिन्यावरून त्यांच्यामागे धावली.

शिलाईवालीनं दार लावून घेतलं. लेक तिच्या पदराला झोंबली.

"आई, आता ठकीची बाहुली माझी ना गं?"

"हो," शिलाईवाली म्हणाली.